धैदच्या शमीखालची अठरा पौंडी

तोफ बघायला मी शारजाला गेले होते, असं म्हटलं की आमच्या सोसायटीतले लोक थबकतात. आखातात जाऊन आलेल्या माणसाने उंच इमारती, सोनं आणि खजूर यांबद्दल बोलावं अशी रीत आहे. ते सगळं मीही पाहिलं. खजुराचे डबे अजून आमच्या फडताळात आहेत. पण सांगण्यासारखं जे घडलं ते धैद गावाबाहेरच्या एका शेतावर, एका घाफच्या झाडाखाली.

माझी नोकरी पुण्यातल्या एका लष्करी संग्रहालयात झाली. धातूच्या वस्तूंचा गंज काढणं आणि त्यांना पुन्हा गंज चढू न देणं, हे काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. तलवारी, शिरस्त्राणं, आणि त्याहून जास्त करून तोफा. त्यामुळे मुलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने फोनवर एक फोटो पाठवला, तेव्हा मी चष्मा न शोधताच म्हणाले, "ही अठरा पौंडी आहे."

अल मजाज

माझी मुलगी मुग्धा अल मजाजमध्ये राहते. खाली खालिद लगूनचं पाणी, काठाने फिरायची फरसबंद वाट. संध्याकाळी तिथे निम्मा भारत चालायला येतो. लिफ्टमध्ये तीन मजल्यांत तीन भाषा कानावर पडतात, आणि त्यांतली एक बहुतेक मराठी असते. जानेवारी होता, हवा पुण्यासारखी. मी शाल घेऊन बाल्कनीत बसायचे आणि जावई निखिल म्हणायचा, "आई, जूनमध्ये या म्हणजे कळेल."

फोटो पाठवणारी मैत्रीण मरियम, तिथलीच, अमिराती. तिच्या आजोबांच्या शेतावर ही तोफ कित्येक वर्षं उभी होती. आता ती साफसूफ करून संग्रहालयाला द्यावी असं मरियमच्या मनात होतं, पण तोफेत काय आहे आणि ती कुठली हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. "तुझी आई येऊन बघेल का?" असं तिने मुग्धाला विचारलं. मुग्धाने माझ्या वतीने हो सांगून टाकलं होतं.

रात्रीच्या जेवणाला नात इरा फोटो बघत म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ कॅनन."

"जस्ट नाही गं," मी म्हटलं आणि तिला स्वयंपाकघरात नेलं.

पूर्वीच्या तोफा गोळा सुटला की अख्ख्या गाड्यासकट मागे उसळायच्या. माणसांनी त्या पुन्हा ढकलत आणायच्या, पुन्हा नेम धरायचा. विसाव्या शतकाच्या तोंडावर ही अडचण सुटली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रजांच्या तोफा मागे पडल्या, तेव्हा त्यांनी नवी तोफ करायला घेतली. तीन ठिकाणचे नमुने आले आणि त्यांनी तिन्हींतलं चांगलं ते उचललं: एकाची नळी, दुसऱ्याची धक्का झेलण्याची रचना, तिसऱ्याची नेम धरण्याची सोय. त्यातून ही तयार झाली. अठरा पौंडांचा गोळा टाकणारी म्हणून अठरा पौंडी.

मी ओट्याखालचा चमच्यांचा खण ओढला. "हे कपाट म्हणजे गाडा. हा खण म्हणजे नळी. बार उडाला की खण मागे येतो, कपाट हलत नाही."

"अँड देन हू पुशेस इट बॅक?"

"स्प्रिंगा. नळीच्या वर एक जाड नळकांडं असतं, त्यात दाबून बसवलेल्या. त्याच नळी परत जागेवर आणतात."

"सो द स्प्रिंग्ज आर ऑलवेज ॲंग्री," इरा म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

करामा

दुसऱ्या दिवशी निखिलबरोबर करामाला गेले. मऊ पितळी ब्रश, हातमोजे, रॉकेल आणि चांगली बॅटरी हवी होती. दुबईची मेट्रो बघायचीही हौस होतीच. ती जरा जास्तच पुरवली गेली. मी बायकांच्या डब्याकडे वळले, निखिल पुढच्या दाराकडे, आणि माझं दार बंद झालं तेव्हा तो फलाटावरच उभा होता. काचेतून तो हातवारे करत होता आणि मी उगाच मान हलवत होते. शेजारच्या फिलिपिनो बाईने माझा चेहरा वाचला. "ममा, नेक्स्ट स्टेशन. वेट देअर," म्हणाली आणि स्वतःचं स्टेशन नसताना माझ्याबरोबर उतरून थांबली. निखिल मागच्या गाडीने आला तो घामाघूम. "मुग्धाला सांगू नका," एवढंच म्हणाला.

करामा मात्र मला एकदम ओळखीचा वाटला. चार मजली जुन्या इमारती, खाली उडपी हॉटेल, किराणा, शिंपी, मोबाईलवाला. हार्डवेअरचं दुकान एका मल्याळी गृहस्थांचं होतं. मी काय काय मागते ते ऐकून त्यांनी विचारलं, "मॅडम, क्या साफ करना है?"

"तोफ."

त्यांनी निखिलकडे पाहिलं. निखिलने गंभीरपणे मान डोलावली. त्यांनी दोन ब्रश जादा दिले. मग आम्ही एका ठिकाणी मिसळ खाल्ली. तर्री पुण्याहून मवाळ आणि पाव गोडसर होता, पण शेजारच्या टेबलावरचे चार पोरगे नगरच्या बोलीत क्रिकेटवरून भांडत होते, त्याने चव भरून निघाली.

धैदच्या वाटेवर

मुग्धाच्या ऑफिसला शुक्रवारी दुपारी सुटी लागते, म्हणून शनिवारी सकाळी निघालो. मी आणि मुग्धा. निखिल इराला सांभाळायला थांबला. शहर मागे पडताच दाट धुकं. मुग्धा गाडीचे दिवे लावून हळूहळू चालवत होती. मग एकदम धुकं फाटलं आणि दोन्हीकडे तांबडी वाळू दिसली, अगदी गेरूच्या रंगाची. उंट कुंपणापलीकडे संथपणे चरत होते. त्यांच्या पाठीवर झुली होत्या, थंडीच्या.

वाळूत अधूनमधून एकच एक झाड उभं. बारीक पानं, काटे, खाली वाकलेल्या फांद्या. मी मुग्धाला गाडी थांबवायला लावली आणि उतरून फांदी हातात घेतली.

"आई, हा घाफ. इकडे तोडायला बंदी आहे."

"ही शमी आहे."

पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं लपवली ती शमी. आपल्याकडे दसऱ्याला तिची चार पानं मिळवायला फिरावं लागतं. इथे ती पाण्याशिवाय, माणसाशिवाय, दिमाखात उभी होती. मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

शेतावर मरियम दारातच होती. तिशीची, हसरी, अबाया सांभाळत भराभर चालणारी. आत तिचे आजोबा गादीवर टेकून बसले होते. सगळे त्यांना जद्दी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी मला बघून चक्क हिंदीत विचारलं, "पूना से? मैं बंबई बहुत गया. जवानी में. लाँच से." म्हातारपणाने आवाज बारीक झाला होता, पण हिंदी मुंबईतल्या जुन्या दुकानदाराची.

न्याहारीला बलालीत आलं. गोड शेवया, केशर-वेलदोड्याच्या, आणि त्यांवर चक्क अंड्याचा पोळा. आपल्या शेवयांच्या खिरीवर कुणी ऑम्लेट ठेवलं तर सासूबाई घर सोडून जातील. मी भीतभीत घास घेतला आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वेलदोडा घातलेली पिवळसर कॉफी आली. जद्दी सांगत होते की तोफ त्यांच्या वडिलांनी आणली. कुणी म्हणे बसऱ्याहून गलबतातून, कुणी म्हणे इंग्रजांच्या तळावरच्या भंगारातून. खरं काय ते सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला. ठण्. थोडं थांबून पुन्हा ठण्.

"कोण काम करतंय?" मी विचारलं.

"ओह, युसूफ," मरियम म्हणाली. "हमारे वर्कशॉप का आदमी. आप आने से पहले थोडा खोल के रखेगा, तो आपको इझी होगा. ऊपर का वो पाईप जाम है ना."

माझ्या हातातला कप मी कुठे ठेवला ते आठवत नाही.

घाफखाली

तोफ एका मोठ्या घाफखाली उभी होती. बाकी काही बघायला मला वेळ नव्हता. तोफेच्या पोलादी ढालीच्या पुढे एक पस्तिशीचा माणूस नळकांड्याच्या तोंडाशी उभा होता, बरोबर समोर, छातीच्या उंचीवर. पाईपपान्याला लांब पाईप लावून तो टोपण फिरवत होता. टोपणाचे आटे बाहेर आलेले मला लांबूनच दिसले.

"बाजूला हो!" मी मराठीत ओरडले. मला दुसरी भाषाच सुचली नाही. "अरे, बाजूला हो आधी! पाना सोड!"

तो दचकला. पण गंमत म्हणजे त्याने ऐकलं. पाना तसाच ठेवून तो उडी मारून ढालीच्या मागे आला.

"काय झालं मावशी?"

तो श्रीवर्धनकडचा निघाला. युसूफ. शारजाच्या वर्कशॉपात कित्येक वर्षं फिटर. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी धापा टाकत एवढंच विचारलं, "फिरवताना कसं लागत होतं?"

"तेच तर ना," तो म्हणाला. "निम्म्याहून जास्त सुटलंय, तरी सैल होतच नाय. आटे सुटले की हाताने फिरायला पायजे. हे अजून तेवढंच घट्ट."

"कारण आतून कुणीतरी ढकलतंय."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग त्याचा चेहरा बदलला. "स्प्रिंग?"

"एक नाही, अनेक. एवढी जड नळी परत जागेवर नेणाऱ्या. दाबून कोंबून बसवलेल्या आहेत, शंभर वर्षं."

आमच्या संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये भिंतीला एक खळगा होता. अशाच एका नळकांड्याचं टोपण शिकंजा न लावता काढलं होतं, ते भिंतीवर आदळलं. माणूस वाचला, कारण तो तेव्हा खाली पडलेला हातोडा उचलायला वाकला होता. आमच्या वरिष्ठांनी तो खळगा कधी बुजवू दिला नाही. नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी त्याच्यापुढे उभं करायचे.

मरियम आणि मुग्धा धावत आल्या. मी त्यांना घराच्या भिंतीपलीकडे पाठवलं. जद्दीही काठी टेकत निघाले होते, त्यांना मरियमने अडवलं. मग मी बाजूने, नळकांड्याला समांतर उभी राहून बॅटरी मारली. टोपण अगदी थोड्या आट्यांवर टिकलं होतं. ते आटेही गंजलेले. तसंच सोडून पोलिसांना, बॉम्बवाल्यांना बोलवावं, असं आधी मनात आलं. पण ऊन वाढत होतं, लोखंड तापत होतं, आणि ते आटे किती वेळ धरतील हे मला सांगता येत नव्हतं. टोपण परत आत बसवणं हाच त्यातल्या त्यात कमी धोक्याचा मार्ग होता.

"युसूफ, माल बांधायचे पट्टे आहेत का इथे? खटका मारून ताणायचे?"

"आहेत ना. ट्रकचे. एक नंबर."

"समोर न जाता ते टोपणावरून घ्यायचेत आणि मागे चाकांना आवळायचेत. एकावर एक. जमेल?"

त्याने मान हलवली आणि मग थांबला. "मावशी, तुम्ही पण तिकडे जा, भिंतीच्या मागे. मी करतो."

"तुला कुठे किती आवळायचं ते कोण सांगणार?"

"ओरडून सांगा. मघाशी ओरडलात तसं."

मी गेले नाही. पण त्याच्यामागे, ढालीच्या आडोशाला उभी राहिले. ढाल त्याचसाठी असते. त्याने काठीने पट्टे टोपणावर सरकवले, बाजूने ओढले, चाकांना घातले आणि खटके मारत ताणले. मग त्याने पान्याचा पाईप बाजूने धरला आणि उलटा रेटा द्यायला सुरुवात केली. टोपण हललं. आत गेलं, थोडं. पुन्हा रेटा.

मग एकदम कडाड् असा आवाज झाला.

पट्टे ताडकन ताणले गेले. अख्खा गाडा हलला. युसूफ जमिनीवर बसला होता, पाना बाजूला पडला होता. मी डोळे मिटले होते. उघडले तर टोपण जागेवर होतं, पट्ट्यांनी धरलेलं. एक आटा तुटून पुढच्यावर बसला होता. एवढंच.

"लागलं का रे?"

"नाय," तो म्हणाला. मग हळूच हसला. "पट्टा चायनाचा नाय, म्हणून वाचलो."

त्याने उठून पाना उचलला. मी फक्त "हं, हं" करत होते आणि तो रेटत होता. टोपण शेवटी आपल्या जागी टेकलं आणि पुढे जाईना, तेव्हा मी पुढे जाऊन त्यावर हात ठेवला. कोमट झालं होतं. मुग्धा भिंतीआडून ओरडत होती, "आई? आई, खलास का?"

"खलास!" युसूफनेच उत्तर दिलं.

मग त्याने पाना खाली टाकला. तो शमीच्या खोडाला टेकून वाळूत बसला. मीही बसले, माझ्या चांगल्या साडीसकट. मुग्धाने दोघांनाही पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि मला घट्ट धरून ठेवलं. माझी बाटली संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

जेवण आणि जद्दी

मग मात्र आम्ही सगळे फार हसलो. कशावर ते सांगता येणार नाही. मरियमने बोलावलं म्हणून युसूफही आत आला. तो दाराशी बसत होता, जद्दींनी त्याला आपल्या शेजारी बसवलं. मोठ्या ताटात मचबूस आलं: बासमती, मटण आणि अख्खी वाळवलेली लिंबं, काळी पडलेली. चव घेताच युसूफ आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आंबटपणा वेगळा होता, पण काम आमसुलाचंच करत होता.

जेवणानंतर मी तोफ निवांतपणे बघितली. आधी मागचा दरवाजा उघडून नळीतून पाहिलं. पलीकडे आभाळाचा गोल तुकडा दिसला, म्हणजे आत गोळा नव्हता. त्या नळीचं काम बघून मला नेहमी आश्चर्य वाटतं: आतल्या नळीभोवती पोलादी तार घट्ट गुंडाळत जायची आणि वरून दुसरी नळी चढवायची. भोवऱ्याला दोरी गुंडाळावी तशी. मग इंग्रज सरकारच्या मालावरचा बाणाचा ठसा सापडला. चाकं मात्र रबरी होती. मूळ चाकं लाकडी, आणि ओढायला सहा घोडे, दोन-दोनच्या जोडीने. मोटारी आल्यावर काही तोफांना अशी रबरी चाकं बसवली. म्हणजे ही पहिल्या महायुद्धानंतरही नोकरीत होती.

जद्दी खुर्ची मागवून घाफखाली बसले. "ये कहाँ लड़ी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना खरं ते सांगितलं. नेमकी ही तोफ कुठे लढली हे माहीत नाही. पण तिच्या बहिणी फ्रान्सच्या चिखलात होत्या, आणि बसऱ्याच्या वर टायग्रिसच्या काठानेही. तिथे आमच्याकडची मराठा पोरं पायदळात होती, या तोफा त्यांच्या मागून बार करत. गोळा लांब जावा म्हणून सैनिक गाड्याच्या मागच्या शेपटाखाली खड्डा खणत, म्हणजे तोंड वर उचललं जाई. नळकांड्यावर दोर गुंडाळत, गोळी लागून ते फुटू नये म्हणून. आणि एवढं करूनही बार करून करून तिच्या स्प्रिंगा तुटत. मग नळी परत यायची नाही आणि माणसं ती हातांनी पुढे ढकलत. पुढे नव्या तोफांत स्प्रिंगांऐवजी दाबलेली हवा आली.

मरियम अवघड शब्द अरबीत सांगत होती.

"मेरे वालिद ने हमको बोला था, इसको हाथ मत लगाओ," जद्दी म्हणाले. "हम समझे, महँगी चीज है इसलिए."

मग त्यांनी युसूफचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि काहीतरी अरबीत पुटपुटले. ठरलं ते एवढंच: तोफ संग्रहालयाला जाईल, पण नळकांडं कुणी उघडणार नाही. पट्टे तसेच राहतील आणि बाजूला अरबी, इंग्रजी, हिंदीत पाटी लागेल. युसूफ म्हणाला, "मराठीत पण लिवा." मरियमने मान्य केलं.

परतताना

युसूफला शारजाला सोडायचं होतं, म्हणून तो आमच्याच गाडीत मागे बसला. डोंगर मावळतीला जांभळे झाले होते. मुग्धाने धैदच्या बाजारातून स्ट्रॉबेरी घेतल्या, त्या आम्ही न धुताच खाल्ल्या. रस्ता मोकळा होता आणि मला अशी छान झोप येत होती, प्रवासात सहसा येत नाही तशी.

मागे युसूफचा फोन वाजला. त्याची आई होती, आवाज एवढा खणखणीत की आम्हालाही ऐकू आला. जेवलास का, काम काय होतं, आवाज असा का येतोय?

"काय नाय गं आये," तो म्हणाला. "शेतावर गेलतो. जुनी एक तोफ आहे तिथे, ती बघायला पुण्याच्या एक मावशी आल्या होत्या. गप्पा मारल्या, मटण खाल्लं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाय गं, काम कसलं? टोपण जरा सुटलं होतं. लावून टाकलं."

मुग्धाने तिरक्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. माझाही फोन तेव्हाच वाजला. पुण्याहून आमचे हे होते.

"कशी काय तोफ?" त्यांनी विचारलं.

"उत्तम स्थितीत आहे," मी म्हटलं.

मागच्या सीटवरून युसूफ मोठ्याने हसला.